बर्फ दिसतो, ऊन दिसत नाही

(तापमानवाढ आणि अनुबोधपट या विषयावर एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९९१ साली शेल या तेलकंपनीने अठ्ठावीस मिनिटांचा एक अनुबोधपट तयार केला. ‘क्लायमेट ऑफ कन्सर्न’ हे त्याचे नाव. शाळा-महाविद्यालयांतून तो दाखविला जावा, अशी योजना होती. खनिज तेल आणि कोळसा जाळल्यामुळे पृथ्वी तापत चालली आहे, त्यातून पूर, दुष्काळ आणि समुद्रपातळीची वाढ संभवते, घरदार सोडून निघालेल्या निर्वासितांचे लोंढे जगाला पाहावे लागतील, असे त्या पटात स्वच्छ शब्दांत सांगितले होते. ही भीती मूठभर विक्षिप्तांची नसून १९९०च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रसंघाला सादर झालेल्या अहवालात जगातील वैज्ञानिकांनी व्यापक एकमताने ती व्यक्त केली आहे, हेही त्यात नमूद होते. थोडक्यात, जे सांगायला अमेरिकेच्या एका माजी उपाध्यक्षाला पुढे पंधरा वर्षांनी जगभर फिरावे लागले, ते बहुतेक सारे एका तेलकंपनीने आधीच सांगून ठेवले होते.

पट काही काळ दाखविला गेला आणि मग अडगळीत पडला. २०१७ साली एका डच वृत्तसंस्थेने तो शोधून काढला, तेव्हा कोठे जगाला त्याची पुन्हा आठवण झाली. मधल्या काळात काय घडले? अमेरिकेत १९८९ साली स्थापन झालेल्या ‘ग्लोबल क्लायमेट कोअलिशन’ या उद्योगपतींच्या संघटनेची शेल १९९८पर्यंत सभासद होती. आणि या संघटनेचे काम तापमानवाढीच्या विज्ञानाबद्दल संशय पेरणे व तिला आळा घालणारे करार अडविणे हे होते. एका हाताने इशारा द्यायचा आणि दुसऱ्या हाताने तो पुसायचा, अशी ही रीत.

ही हकीकत आरंभीच सांगण्याचे कारण असे की, अनुबोधपटाच्या सामर्थ्याविषयी बोलताना एक भाबडी समजूत आपल्या मनात दडलेली असते. लोकांना ठाऊक नाही म्हणून जग बिघडते. ठाऊक करून दिले की सुधारेल. मराठीत या प्रकाराला ‘अनुबोधपट’ असे सुंदर नाव मिळाले. इंग्रजी शब्दात नुसता दस्तऐवज आहे, मराठीने त्यात बोध घातला. पण शेलच्या संचालकांना बोध झाला नव्हता असे कोण म्हणेल? त्यांनी तो स्वतःच्या पैशाने चित्रित करून घेतला होता. एक्झॉन या दुसऱ्या कंपनीच्या वैज्ञानिकांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून कंपनीपुरती जी भाकिते केली होती, ती पुढे किती अचूक ठरली याची मोजदाद करणारा शोधनिबंध २०२३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. म्हणजे वरच्या मजल्यावर अज्ञान कधीच नव्हते. तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच की, पट कोण काढतो, तो कोणाला दाखवितो, आणि पडदा काळा झाल्यावर प्रेक्षक कोणाकडे वळतो.

हा प्रश्न तापमानवाढीइतका नवा नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागातील विस्तीर्ण गवताळ मैदानांवर धुळीची वादळे उठली. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला, तेव्हा जी जमीन कधी नांगरायची नव्हती ती नांगरली गेली. पुढे पाऊस रुसला, माती उडाली, आणि शेतकरी बिऱ्हाड पाठीवर घेऊन पश्चिमेकडे निघाले. रूझवेल्ट यांच्या सरकारच्या पुनर्वसन खात्याने १९३६ साली पेअर लॉरेन्ट्झ यांच्याकडून या विषयावर ‘द प्लाऊ दॅट ब्रोक द प्लेन्स’ हा पट करवून घेतला. मानवाने निसर्गाची केलेली नासधूस पडद्यावर आणणाऱ्या आरंभीच्या महत्त्वाच्या पटांत त्याची गणना होते. त्याचे छायाचित्रण करणारे राल्फ स्टायनर, पॉल स्ट्रॅन्ड आणि लिओ हर्विट्झ हे तिघेही डाव्या विचारांचे होते. जमीन नांगराने नव्हे, नफ्याच्या हव्यासाने आणि त्या हव्यासावर उभ्या राहिलेल्या समाजव्यवस्थेने उद्ध्वस्त केली, असे पटाने म्हणावे हा त्यांचा आग्रह होता. लॉरेन्ट्झ यांना तो मान्य नव्हता. दिग्दर्शक आणि छायाचित्रकार यांच्यात चित्रीकरण चालू असतानाच खटका उडाला. अखेर पटाच्या नावात नांगर आला, नांगराचा मालक आला नाही.

तरीही हॉलिवूडच्या बड्या कंपन्यांनी आपल्या चित्रगृहांत तो दाखविण्याचे नाकारले. सरकारने चित्रपटाच्या धंद्यात पडू नये, असे त्यांचे म्हणणे. मग स्वतंत्र चित्रगृहांच्या मालकांकडे जाऊन तो एकेका गावी दाखवावा लागला. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. कारण सांगायचे की परिणाम, हा वाद पट तयार होत असतानाच सुरू होतो. आणि पट तयार झाला तरी पडदा कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न उरतोच.

तापमानवाढीचा उल्लेखही पडद्यावर फार लवकर आला. फ्रँक काप्रा यांची निर्मिती असलेला ‘द अनचेन्ड गॉडेस’ हा हवामानावरील पट बेल टेलिफोन कंपनीच्या विज्ञानमालिकेत फेब्रुवारी १९५८मध्ये अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर दाखविला गेला. कारखाने आणि मोटारी यांच्या धुरामुळे हवा तापेल, ध्रुवांवरचा बर्फ वितळेल आणि बुडालेल्या मायामी शहराची शिखरे पर्यटक काचेच्या तळाच्या होडीतून पाहतील, असे त्यात गमतीगमतीत सांगितले होते. योगायोग असा की, त्याच वर्षी हवाई बेटांवरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी हवेतील कार्बन डायऑक्साइडची नियमित मोजणी सुरू केली. तेव्हा दर दहा लक्ष भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते. २०२४ साली ही वार्षिक सरासरी ४२४च्या वर गेली. काप्रांचा पट पुढे अमेरिकेतील शाळांमधून वर्षानुवर्षे दाखविला गेला. मुलांनी तो पाहिला, मुले मोठी झाली, त्यांनी मोटारी घेतल्या.

आता २००६ सालाकडे वळू. डेव्हिस गुगेनहाइम दिग्दर्शित ‘ॲन इन्कन्व्हीनियन्ट ट्रूथ’ हा पट ज्यांनी पाहिला नसेल त्यांना त्याचे रूप चमत्कारिक वाटेल. एक गृहस्थ व्यासपीठावर उभा राहून आलेख दाखवितो आहे. मध्ये मध्ये तो विमानतळावर बसलेला दिसतो, पेटी उचलतो, पुन्हा दुसऱ्या गावी तेच व्याख्यान देतो. शंभर मिनिटांच्या आतबाहेरचा हा प्रकार पाहायला पैसे देऊन लोक आले. सुमारे पंधरा लक्ष डॉलर खर्चून काढलेल्या या पटाने जगभरात पाच कोटी डॉलरच्या आसपास उत्पन्न मिळविले आणि पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळाले. व्याख्यानासारखी जुनीपुराणी गोष्टही माणसाला खिळवून ठेवू शकते, याचा व्याख्यात्यांना आनंद व्हायला हरकत नाही.

त्यातील एक क्षण विशेष गाजला. गेल्या साडेसहा लक्ष वर्षांतील कार्बन डायऑक्साइडच्या चढउताराचा आलेख मागच्या पडद्यावर आहे. अल गोर चालत चालत आजच्या काळापाशी येतात. पुढे रेषा इतकी वर चढते की तिच्यापर्यंत पोहोचायला त्यांना यांत्रिक पाळण्यात उभे राहून वर जावे लागते. कीलिंग यांच्या मोजणीमागे असलेले रॉजर रेव्हेल हे हार्वर्डमध्ये गोर यांचे शिक्षक होते, ही गोष्टही पट सांगतो. अनुबोधपटाचे खरे बळ कोठे असते ते या प्रसंगात दिसते. आकडा तोच असतो. पण आकड्याला उंची येते, आणि ती माणसाच्या उंचीच्या तुलनेत येते. अहवाल वाचून जी गोष्ट डोक्यात राहते, ती येथे मानेत राहते. कारण प्रेक्षकाने मान वर केलेली असते.

इंग्लंडच्या सरकारने हा पट सुमारे साडेतीन हजार माध्यमिक शाळांना पाठविला. केंट परगण्यातील एका शाळेच्या नियामक मंडळाच्या सदस्याने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. न्यायमूर्ती बर्टन यांनी १० ऑक्टोबर २००७ रोजी दिलेला निकाल मुळातून वाचण्यासारखा आहे. पटाचे मुख्य प्रतिपादन वैज्ञानिक पुराव्याला धरून आहे, हे त्यांनी मान्य केले. मात्र नऊ ठिकाणी तो त्या काळच्या सर्वमान्य वैज्ञानिक मतापलीकडे गेला, असे त्यांनी म्हटले. समुद्र वीस फूट चढेल हे नजीकच्या काळात घडणार असल्यासारखे दाखविले होते. ते घडायला सहस्रके लागतील. किलिमांजारोवरील बर्फाचा ऱ्हास, चाड सरोवराचे आटणे, न्यू ऑर्लिन्सवरील कतरिना वादळ यांचा सारा दोष मानवनिर्मित तापमानवाढीवर टाकण्याइतका पुरावा तेव्हा नव्हता. शिक्षकांना सूचनापत्र देऊन पट दाखवावा, असा निष्कर्ष निघाला. दोनच दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, गोर आणि हवामानबदलाचा अभ्यास करणारे आंतरशासकीय मंडळ यांना शांततेचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

पुरोगामी वर्तुळात त्या निकालाची त्या वेळी चेष्टा झाली. ती अनाठायी होती. जो पट सत्याच्या नावाने उभा राहतो त्याने नऊ ठिकाणी घाई करावी, हे त्याच्या शत्रूंना हवेच असते. सत्य पुरेसे भयंकर असताना त्यात मीठ-मसाला घालण्याची गरज नव्हती.

आणि शत्रू तयारच होते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ब्रिटनच्या चॅनेल फोर वाहिनीने मार्टिन डर्किन यांचा ‘द ग्रेट ग्लोबल वॉर्मिंग स्विन्डल’ हा पट दाखविला. सारी तापमानवाढ ही सूर्याची करामत, मानवाचा त्यात संबंध नाही, असा त्याचा सूर. तेच गंभीर निवेदन, तेच आलेख, तसेच पुस्तकांच्या कपाटापुढे बसलेले प्राध्यापक. एका आलेखातील कालरेषा चुकीची असल्याचे उघडकीस आल्यावर पुढे तो बदलावा लागला. कार्ल वुन्श या सागरशास्त्रज्ञांनी आपली मुलाखत विपरीत अर्थाने वापरली गेल्याची तक्रार केली, आणि प्रसारण-नियामकाने जुलै २००८मध्ये त्यांच्या बाबतीत अन्याय झाल्याचे मान्य केले. मात्र प्रेक्षकांची हानिकारक दिशाभूल झाली, असे मानायला नियामक तयार झाला नाही. अनुबोधपट हे साधन आहे. ते ज्याच्या हाती जाईल त्याचे काम करते. त्याच्या रूपातच सत्य वसते, असे मानणारा प्रेक्षक पहिल्या पटाने जागा होतो आणि दुसऱ्याने पुन्हा झोपी जातो.

पट पाहिल्याने माणसे बदलतात काय, याची अमेरिकेतील संशोधकांनी चिकाटीने तपासणी केली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोर यांचा पट पाहून बाहेर पडणाऱ्यांची माहिती, चिंता आणि काही करण्याची इच्छा या तिन्ही गोष्टी वाढल्याचे आढळले. महिन्याभराने त्याच माणसांना विचारले, तेव्हा इच्छेचे कृतीत रूपांतर झालेले नव्हते. दुसऱ्या एका संशोधकाने २०११ साली असे दाखविले की, ज्या चित्रगृहांत हा पट लागला त्यांच्या दहा मैलांच्या परिसरात, आपल्या प्रदूषणाची भरपाई म्हणून स्वेच्छेने पैसे देणाऱ्यांचे प्रमाण दोन महिन्यांत निम्म्याने वाढले. वर्षाने त्याचा मागमूस राहिला नाही.

याचा दोष प्रेक्षकाला देणे सोपे आहे. पण पटाच्या अखेरीस त्याला सांगितले काय जाते? श्रेयनामावलीबरोबर सूचना येतात: घरातील दिवे बदला, कमी इंधन खाणारी मोटार घ्या, झाडे लावा. दीड तास ज्या संकटाला हिमयुगांच्या मापाने मोजले, त्याच्यावरचा उपाय शेवटच्या दोन मिनिटांत किराणा दुकानात सापडतो. ज्याच्याकडे मोटार नाही, त्याने काय करायचे याचा त्यात उल्लेख नाही. कारण तो प्रेक्षक म्हणून कल्पिलेलाच नाही. तेलकंपन्यांचा नफा, सरकारची धोरणे, कामगारांच्या संघटना यांना या यादीत फारसे स्थान नाही. महिन्याभरात इच्छा विरून जाते ती यामुळे. एकट्या माणसाला एकट्याने करण्याजोगे काम दिले, आणि ते संकटाच्या मानाने हास्यास्पद आहे हे त्याला दुसऱ्या दिवशीच कळले.

याउलट एक उदाहरण इंग्लंडमध्येच घडले. फ्रॅनी आर्मस्ट्राँग यांनी २००९ साली ‘द एज ऑफ स्टुपिड’ हा पट काढला. दोनशेहून अधिक व्यक्ती आणि गट यांच्याकडून वर्गणीसारखे भाग गोळा करून साडेचार लक्ष पौंड उभे केले. काम करणाऱ्यांनाही उत्पन्नात वाटा ठेवला. २०५५ साली उद्ध्वस्त जगात उरलेला एक म्हातारा जुनी चित्रफीत पाहत बसला आहे, आणि तुम्ही तेव्हा काहीच का केले नाही, असे विचारतो आहे, अशी कल्पना. ती भूमिका करणारे नट पीट पोस्टलथ्वेट यांनी पटाच्या पहिल्या खेळाच्या रात्री, मंत्री एड मिलिबँड यांच्या देखत, जाहीर केले की केंटमधील किंग्सनॉर्थच्या नव्या कोळसा-वीजकेंद्राला परवानगी दिलीत तर सरकारने दिलेला सन्मान परत करीन. पुढच्याच महिन्यात नव्या कोळसाकेंद्रांवर कडक अटी घालणारे धोरण जाहीर झाले, आणि ऑक्टोबरमध्ये किंग्सनॉर्थची योजना कंपनीने बाजूला ठेवली. श्रेय एका पटाचे नव्हे. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याच ठिकाणी हजारो तरुणांनी तळ ठोकला होता, मंदीमुळे विजेची मागणीही घटली होती. पण पट तेथे एकटा नव्हता, चळवळीच्या शेजारी उभा होता. बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला कोठे जायचे ते ठाऊक होते.

या पटात मुंबई आहे. ‘गोएअर’ ही स्वस्त विमानकंपनी नुकतीच सुरू केलेले जेह वाडिया त्यातील एक पात्र. सामान्य भारतीयाला विमानात बसवायचे, ही त्यांची उमेद पट त्यांच्याच तोंडून ऐकवितो, आणि त्यांना खलपुरुष न करता ऐकवितो. हा दिग्दर्शिकेचा चांगुलपणा म्हणावा की चलाखी, हे प्रेक्षकाने ठरवावे. कंपनी पुढे ‘गो फर्स्ट’ झाली आणि मे २०२३मध्ये तिची उड्डाणे थांबली. पण त्या पात्राने एक जुना प्रश्न पडद्यावर आणला. गरीब देशाने वाढू नये काय?

या प्रश्नाचे भारतीय उत्तर अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ सालीच दिले होते, शेलचा पट ज्या वर्षी निघाला त्याच वर्षी. भात पिकविणाऱ्या आणि गुरे राखणाऱ्या माणसाचा जगण्यापुरता धूर आणि श्रीमंतांच्या मोटारींचा चैनीचा धूर एकाच तराजूत घालता येणार नाही, हे त्यांच्या पुस्तिकेचे सूत्र. २०१६ सालच्या ‘बिफोर द फ्लड’ या पटात लिओनार्दो दिकाप्रिओ हे नारायण यांना भेटायला दिल्लीत येतात, आणि अमेरिकन माणसाने आपला उपभोग आधी कमी करावा, हे त्या त्यांना तोंडावर ऐकवितात. दुसऱ्या वर्षी आलेल्या गोर यांच्या उत्तरपटात तेव्हाचे केंद्रीय मंत्री पीयूष गोयल गोर यांना साधारण असेच सांगतात: तुम्ही दीडशे वर्षे कोळसा जाळलात, आता आमची पाळी.

दोन्ही वाक्ये सारखी वाटतात, पण तशी नाहीत. नारायण यांचा तराजू देशाच्या आतही लावता येतो. विमानमालक आणि गुराखी हे दोघेही भारतीयच आहेत. मंत्र्यांच्या वाक्यात मात्र ‘आम्ही’ या शब्दाखाली दोघे एक होतात आणि गुराख्याच्या वाट्याचा धूर विमानमालकाला मिळतो. कोळसा हवाच, असे म्हणणाऱ्यांनी आंध्रच्या किनाऱ्यावरील सोमपेटा येथे जे घडले ते आठवावे. पाणथळ जमिनीवर येऊ घातलेल्या कोळसा-वीजकेंद्राला शेतकरी आणि कोळी यांनी विरोध केला, आणि जुलै २०१०मध्ये पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे मेली. अवी लुईस यांच्या ‘धिस चेंजेस एव्हरीथिंग’ या २०१५च्या पटात ते गाव आले आहे.

आपल्याकडे अनुबोधपटाची परंपरा लहान नाही. फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली मुंबईत स्थापन झाले, आणि मुख्य चित्रपटाआधी त्याचा वार्तापट किंवा अनुबोधपट दाखविणे प्रत्येक चित्रगृहाला सक्तीचे होते. इतका मोठा प्रेक्षक जगातल्या फार थोड्या अनुबोधपटांना मिळाला असेल. लोक त्या वेळात बाहेर बिडी ओढत उभे राहत, हा भाग वेगळा. धरणे, खते, पोलादाचे कारखाने यांचे गुणगान सांगणाऱ्या त्या पटांत धरणाखाली गेलेला माणूस क्वचितच असे. तो पडद्यावर आला तो सरकारबाहेरच्या माणसांनी आणला. आनंद पटवर्धन यांनी ‘हमारा शहर’मध्ये १९८५ साली मुंबईच्या उठविल्या जाणाऱ्या झोपड्या दाखविल्या, आणि सिमंतिनी धुरू यांच्यासह ‘अ नर्मदा डायरी’त १९९५ साली नर्मदेच्या खोऱ्यातील आदिवासी. दूरदर्शनने पटवर्धनांचे पट दाखवावेत म्हणून त्यांना वारंवार न्यायालयाची पायरी चढावी लागली. ऑगस्ट २००६मध्ये त्यांच्या एका पटाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन त्यांनी निकाल मिळविला. एकीकडे प्रेक्षागृहे सक्तीने भरलेली आणि पट गोड. दुसरीकडे पट खरा आणि पडदा बंद. फिल्म्स डिव्हिजन २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले.

याहूनही पुढची पायरी कर्नाटकाच्या सीमेलगत, तेलंगणातील जहीराबाद भागात पाहावयास मिळते. तेथील पस्तापूर आणि आसपासच्या गावांतील दलित शेतकरी स्त्रियांनी, ज्यांतील अनेकींना अक्षरओळखही नव्हती, १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात हाती व्हिडिओ कॅमेरा घेतला. बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली, तेव्हा या बायका वरंगळच्या शेतकऱ्यांकडे पेरणीपासून वेचणीपर्यंत पुन्हा पुन्हा जात राहिल्या आणि त्यांचे म्हणणे टिपत राहिल्या. शहरातला दिग्दर्शक एकदा येतो, चित्रीकरण करतो आणि जातो. या बायका परत येत राहिल्या. म्हणून कोणत्या महिन्यात आशा होती आणि कोणत्या महिन्यात ती संपली, हे त्यांच्या पटात दिसते.

आता ज्यावरून या व्याख्यानाला नाव दिले, त्या गोष्टीकडे यावयाचे. तापमानवाढीवरच्या पटांचा डोळा बर्फावर जडलेला आहे. जेम्स बॅलॉग यांनी २००७ पासून ग्रीनलंड, आइसलंड, अलास्का येथील हिमनद्यांसमोर कॅमेरे रोवून वर्षानुवर्षे छायाचित्रे घेतली. जेफ ऑर्लोव्स्की यांचा ‘चेसिंग आइस’ हा २०१२चा पट त्यावर आधारलेला आहे. त्यात इलुलिसात हिमनदीचा एक प्रचंड तुकडा कोसळतानाचे मे २००८चे दृश्य आहे. पंच्याहत्तर मिनिटे तो बर्फ उलथापालथा होत राहिला. असे दृश्य ज्याने पाहिले त्याला पुन्हा आलेख दाखवावा लागत नाही. या कामाची थोरवी वादातीत आहे. पण बर्फ पडद्यावर दिसतो, कोसळतो, आवाज करतो. ऊन दिसत नाही. चित्रात कडक ऊन सुंदरच दिसते. आणि भारतात तापमानवाढ माणसाला भेटते ती मुख्यतः उन्हाच्या रूपाने.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली अंदाज केला की, उष्णतेमुळे २०३० साली भारतातील कामाचे ५.८ टक्के तास वाया जातील. म्हणजे जवळपास ३ कोटी ४० लक्ष पूर्णवेळ नोकऱ्यांइतके. यांत मुख्य वाटा शेतमजुरांचा आणि बांधकामावरच्या मजुरांचा. अहमदाबाद शहरात मे २०१०च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ माणसे अधिक मेली, असे पुढे नोंदी तपासणाऱ्यांना आढळले. त्या वेळी ते कोणाच्या डोळ्यांत भरले नाही, कारण ही माणसे एकेकटी, घरोघरी, वेगवेगळ्या आजारांच्या नावाने मेली. त्या हिशेबातून त्या शहराने २०१३ साली उष्णतेला तोंड देण्याची योजना आखली. ती नोंदवहीने घडविली, कॅमेऱ्याने नव्हे; हे चित्रपटवाल्यांनी मनाला लावून घ्यावे असे आहे.

आणि खारघर. १६ एप्रिल २०२३ रोजी तेथील मैदानात महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा समारंभ भर दुपारी झाला. लाखोंचा समुदाय उघड्यावर बसला होता. छत होते ते व्यासपीठावर. उष्माघाताने चौदा माणसे दगावली. नजीकच्या केंद्रावरील नोंद ३८ अंशांच्या आसपासची होती. आकडा फार मोठा नव्हे, पण समुद्राकाठच्या दमट हवेत घाम सुकत नाही आणि शरीर थंड होत नाही. त्या महिन्यात भारत व बांगलादेशात जी दमट उष्णता होती, ती येण्याची शक्यता तापमानवाढीमुळे किमान तीस पटींनी वाढली होती, असा हिशेब आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने मांडला. समारंभाचे चित्रीकरण करायला तेथे कॅमेरे भरपूर होते. ते व्यासपीठाकडे तोंड करून होते.

असा पट मराठीत निघायचा असेल तर त्याला ग्रीनलंडला जाण्याचा खर्च नाही. मजुरांच्या नाक्यावर पहाटे उभे राहिलेल्या एका माणसाबरोबर मार्च ते जून असे चार महिने, पस्तापूरच्या बायकांप्रमाणे पुन्हा पुन्हा जावे लागेल. पत्र्याच्या खोलीत रात्री अकराला उष्णतामापक किती दाखवितो ते टिपावे लागेल. बांधकामावर पिण्याचे पाणी कोठे आहे, सावली किती पावलांवर आहे, दुपारी काम थांबविले तर मजुरी कोण कापतो, हे त्या मजुराला आणि मुकादमाला दोघांनाही विचारावे लागेल. नगरपालिकेच्या मृत्यूनोंदीत एप्रिल-मेची पाने उघडून पाहावी लागतील. आणि पट तयार झाला की तो त्याच नाक्यावर, कामावरून माणसे परतल्यावर, रात्री नऊच्या सुमारास दाखवावा लागेल. दिवसा तेथे पडद्यावर काही दिसणार नाही.